बाटलीच्या भिंतीची जाडी आणि श्राव्यातीत ध्वनी : काच उद्योगातील मोजमापाचा अभ्यास

प्रास्ताविक

काचेची बाटली ही रोजच्या वापरातील इतकी सामान्य वस्तू आहे की, तिच्या भिंतीची जाडी सर्वत्र सारखी असते काय, आणि नसेल तर ते कोणी व कसे तपासावे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. उन्हाळ्यात थंड पेयाची बाटली क्रेटमधून उचलताना हातात फुटली की तेवढ्यापुरती चर्चा होते आणि दोष बहुधा उन्हाला किंवा उचलणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात अशा बाटलीचा खांदा किंवा तळाजवळचा भाग एका बाजूला आवश्यकतेपेक्षा पातळ राहिलेला असू शकतो. बाहेरून हात फिरवून हा दोष कळत नाही. काच पारदर्शक असली तरी नजरेलाही तो कळत नाही, आणि तपकिरी बाटलीत तर पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा पातळ भाग बाटली न फोडता शोधण्याचे एक साधन म्हणजे श्राव्यातीत ध्वनी, अर्थात माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला वीस हजारांपेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी. या साधनाचे तत्त्व, काच कारखान्यातील त्याचा उपयोग आणि विशेषतः त्यापासून मिळणाऱ्या आकड्यांवर किती विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्र व शेजारच्या प्रदेशांना काचेचा उद्योग परका नाही. लोकांनी दिलेल्या पैशापैशातून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होते. आज वडोदरा, भरूच व सुरत या पट्ट्यात आणि हैदराबादच्या परिसरात बाटल्या व औषधी कुप्या तयार करणारे मोठे कारखाने आहेत. पदविका किंवा विज्ञान शाखेची पदवी घेऊन अशा कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागणाऱ्या तरुणाच्या हातात पहिल्या काही दिवसांतच जाडी मोजण्याचे हे छोटे यंत्र येते. ते वापरायला दहा मिनिटांत शिकता येते. त्याने दाखवलेला आकडा खरा की खोटा हे ओळखायला मात्र बराच काळ लागतो.

बाटली पातळ कोठे होते

वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि फुटक्या काचेचा चुरा हे मिश्रण भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवले जाते. वितळलेल्या काचेचा ठरावीक वजनाचा गोळा कात्रीने कापून साच्यात सोडतात. कारखान्यात याला गॉब म्हणतात. पहिल्या साच्यात त्यापासून बाटलीचा कच्चा, आखूड आकार तयार होतो, त्याला पॅरिसन असे नाव आहे. हा पॅरिसन उलटवून दुसऱ्या साच्यात नेतात आणि हवा फुंकून अंतिम आकार देतात. एका यंत्रावर आठ, दहा, बारा असे विभाग आणि प्रत्येक विभागात एक, दोन किंवा तीन साचे असतात. दहा विभागांच्या दुहेरी गॉबच्या यंत्रावर एका वेळी वीस साचे काम करतात, म्हणजे एकाच नमुन्याच्या बाटल्या वस्तुतः वीस वेगवेगळ्या ठिकाणी जन्माला येतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. गोळा वजनाने कापलेला असल्यामुळे तयार बाटलीचे वजन जवळजवळ नेहमी बरोबर भरते. परंतु ती काच भिंतीवर कशी पसरली, हे वजन सांगत नाही. एका बाजूची काच दुसऱ्या बाजूला गेली तरी तराजूला त्याचा पत्ता लागत नाही. ‘जड बाटली म्हणजे मजबूत बाटली’ ही बाजारातील समजूत गोटी सोड्याच्या जाडजूड बाटलीच्या काळात चालून जात होती, कारण तेव्हा चूक पोटात घेण्याइतकी काच सर्वत्र भरपूर असे. इंधन व वाहतूक यांचा खर्च वाचविण्यासाठी बाटल्या हलक्या करण्याकडे उद्योगाचा कल झाला, तसतशी ही सवलत संपत गेली.

पातळपणाचा परिणाम किती होतो हे साध्या गणिताने पाहता येते. आतून दाब असलेल्या नळकांड्याच्या भिंतीवरील ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. समजा, वायुमिश्रित पेयाच्या बाटलीत उन्हामुळे ०.६ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सहापट दाब निर्माण झाला आणि बाटलीची त्रिज्या ३० मिलिमीटर आहे. भिंत २ मिलिमीटर जाड असेल तर ताण ९ मेगापास्कल होतो. १ मिलिमीटर असेल तर १८. काच मुळात अतिशय मजबूत पदार्थ आहे, परंतु तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखडे तिला दुबळी करतात, हे ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२०च्या सुमारास दाखवून दिले. वापरात घासलेल्या बाटलीची सहनशक्ती त्यामुळे कागदावरच्या मूल्याच्या फार खाली येते, आणि दुप्पट झालेला ताण तेथे निर्णायक ठरू शकतो.

याचा अर्थ जाडी जितकी जास्त तितके चांगले, असाही नाही. जाड काच तापमानातील अचानक बदलाला पातळ काचेपेक्षा कमी टिकते. गरम पदार्थ भरताना जाड तळ व पातळ भिंत जेथे मिळतात तेथे तडा जाण्याची भीती असते. म्हणून कारखान्याला हवी असते ती काचेची समान वाटणी.

न मोडता मोजण्याची कल्पना

जुनी पद्धत सरळ होती. ठरावीक वेळाने काही बाटल्या उचलायच्या, फोडायच्या किंवा करवतीने कापायच्या आणि तुकड्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजायची. ही पद्धत अचूक आहे व आजही अंतिम खात्रीसाठी तिचाच आधार घेतला जातो. परंतु जी बाटली मोजली ती गेली, आणि फुटताना नेमका सर्वांत पातळ भाग चुरा होऊन हरवला तर मोजणाऱ्याच्या हाती उरतो तो जाड भाग.

वस्तूला धक्का न लावता तिच्या अंतरंगाची माहिती काढणे ही कल्पना आधुनिक काळाची नव्हे. मर्व येथील विद्वान अल्-खाझिनी यांनी इ.स. ११२१च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मीझान अल्-हिक्मा’ या ग्रंथात, अल्-बिरुनींच्या कार्याचा आधार घेऊन, मिश्रधातूची वस्तू न वितळवता हवेत व पाण्यात तोलून तिच्यातील दोन धातूंचे प्रमाण काढण्याची रीत दिली आहे. त्या रीतीत एक अट होती. दोन्ही शुद्ध धातूंची विशिष्ट गुरुत्वे आधी बरोबर माहीत हवीत. ती चुकली तर तराजू कितीही नाजूक असला तरी उत्तर चुकणार. श्राव्यातीत मापनालाही नेमकी अशीच अट लागू आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रतिध्वनीचे गणित

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. याच्या उलट, अशा स्फटिकाला विद्युत स्पंद दिला तर तो कंप पावतो. पहिल्या महायुद्धात लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या साहाय्याने पाण्याखालील पाणबुड्या शोधण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला. घन पदार्थातील दोष प्रतिध्वनीवरून शोधण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे फायरस्टोन यांना १९४२ साली मिळाले. काचेची जाडी मोजणारे आजचे यंत्र याच घराण्यातील आहे. फक्त क्वार्ट्झऐवजी त्यात कृत्रिम दाबविद्युत पदार्थ असतो.

यंत्राच्या टोकाला पेन्सिलीएवढा एक भाग असतो, त्याला प्रोब म्हणतात. तो बाटलीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टेकवला की त्यातून ध्वनीचा अतिशय छोटा स्पंद काचेत शिरतो, काच ओलांडून आतल्या पृष्ठभागावर पोहोचतो, तेथून परततो आणि तोच प्रोब तो टिपतो. जाण्यायेण्याचा वेळ आणि काचेतील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार करून त्याचे निम्मे केले की जाडी मिळते. बाटलीच्या आत हात, आरसा किंवा दुसरे काहीही घालावे लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

नेहमीच्या सोडा-चुना काचेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,७५० मीटर आहे. हवेतील वेगाच्या जवळजवळ सतरा पट. २ मिलिमीटरची भिंत ओलांडून परत येण्यास त्याला सुमारे ०.७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. जाडीतील एक शतांश मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर यंत्राला सुमारे साडेतीन नॅनोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे. आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे कठीण नाही.

ध्वनीची कंपनसंख्याही विचारपूर्वक निवडावी लागते. सेकंदाला एक कोटी कंपने असतील तर काचेतील तरंगलांबी सुमारे ०.५८ मिलिमीटर येते, दोन कोटींना ती निम्मी होते. बाटलीची भिंत एक-दोन मिलिमीटरची असल्यामुळे स्पंद आखूड असणे आवश्यक असते, अन्यथा जाणारा व येणारा ध्वनी एकमेकांत मिसळतात. याच कारणासाठी प्रोबच्या तोंडाशी प्लास्टिकचा एक छोटा दंडगोल बसवलेला असतो. स्फटिकाला धक्का दिल्यानंतर तो घंटेसारखा क्षणभर घुमत राहतो. प्लास्टिकमधून जाण्यायेण्यात जो वेळ जातो तेवढ्यात त्याचे घुमणे थांबते आणि काचेतून आलेला क्षीण प्रतिध्वनी स्वच्छ ऐकू येतो.

प्रोब आणि काच यांच्यामध्ये ग्लिसरीनचा, पाण्याचा किंवा जेलचा थेंब का लावावा लागतो, हे विद्यार्थी हमखास विचारतात. प्रत्येक पदार्थाला ध्वनीच्या दृष्टीने एक ‘ध्वनिरोध’ असतो. तो घनता आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकाराएवढा मानतात. काच आणि हवा यांच्या ध्वनिरोधांत सुमारे पस्तीस हजार पटींचा फरक आहे. त्यामुळे हवेतून काचेवर पडणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी सुमारे दहा हजारांतील एकच भाग आत शिरतो. प्रोबखाली हवेचा कागदाहून पातळ थर राहिला तरी मापन बंद पडते. मात्र हीच गोष्ट दुसऱ्या बाजूला उपकारक ठरते. आतल्या पृष्ठभागापलीकडे हवा असल्यामुळे तेथून जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो व प्रतिध्वनी खणखणीत येतो. बाटली पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असली तरी सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा परत येतेच. म्हणून भरलेली, सील केलेली बाटलीही तपासता येते. ग्राहकाकडून तक्रार आलेल्या मालाची चौकशी करताना याचा फार उपयोग होतो.

यंत्र वेळ मोजते, जाडी नव्हे

यंत्राच्या पडद्यावर जाडी मिलिमीटरमध्ये उमटते, त्यामुळे यंत्राने जाडी मोजली असे वाटते. वास्तविक यंत्राने मोजलेली एकमेव गोष्ट म्हणजे वेळ. जाडी हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे आणि त्यासाठी लागणारा ध्वनीचा वेग माणसाने यंत्राला सांगितलेला असतो. या विषयातील बहुतेक चुका या एका वाक्यात सामावलेल्या आहेत.

वेग काचेच्या घटकांवर अवलंबून असतो. सोडा-चुना काचेत तो साधारण ५,७०० ते ५,८०० मीटर, प्रयोगशाळेतील व औषधी कुप्यांच्या बोरोसिलिकेट काचेत सुमारे ५,६००, वितळवलेल्या शुद्ध सिलिकेत सुमारे ५,९५०, तर शिशाचे प्रमाण भरपूर असलेल्या जड काचेत अवघा ४,००० मीटरच्या आसपास असतो. पोलादातील वेग सुमारे ५,९२० मीटर आहे. सर्वसाधारण जाडीमापक यंत्रे पोलादी पत्रे व नळ्यांसाठी तयार केलेली असतात आणि त्यांतील वेग पोलादाचाच भरलेला असतो. असे यंत्र तसेच्या तसे बाटलीवर लावले तर २.०० मिलिमीटरची भिंत २.०६ दिसेल. चूक तीन टक्क्यांची आहे, आणि म्हणूनच धोकादायक आहे, कारण ती डोळ्याला खटकत नाही. हेच यंत्र शिशाच्या काचेच्या ३ मिलिमीटर जाड पेल्यावर लावले तर जवळजवळ साडेचार मिलिमीटर दाखवील. ही चूक निदान लगेच पकडली तरी जाईल. दोन्ही उदाहरणांत चूक एकाच दिशेची, म्हणजे काच आहे त्यापेक्षा जाड दाखविणारी आहे, हेही विसरता कामा नये.

उपाय सोपा आहे व तो प्रत्येक पाळीत करायला हवा. ज्या भट्टीची बाटली तपासायची त्याच भट्टीच्या काचेचे दोन तुकडे घ्यावेत, एक पातळ व एक जाड. त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून नोंदवावी आणि यंत्राचे वाचन दोन्ही ठिकाणी त्याच्याशी जुळवून घ्यावे. कोष्टकातील वेग पाहून यंत्र लावणे हा दुय्यम मार्ग होय. काचेचा रंग किंवा मिश्रण बदलले की तुकडेही बदलावेत. बाटली गरम असताना मोजू नये, कारण तापमानाबरोबर वेग बदलतो. सामान्य काचेत तापमान वाढले की वेग थोडा कमी होतो. शुद्ध सिलिका मात्र उलट वागते, तिच्यात तो वाढतो. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांना हा अपवाद मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे.

याहून गंभीर चूक वेगळीच आहे. जाड भिंतींसाठी बनवलेला प्रोब फार पातळ काचेवर लावला तर पहिला प्रतिध्वनी त्याच्या पकडीच्या आत येऊन निसटतो आणि यंत्र दुसरा प्रतिध्वनी पहिला समजून घेते. ध्वनीने भिंतीच्या दोन फेऱ्या केलेल्या असतात, म्हणून दाखवलेली जाडी दुप्पट येते. ०.६ मिलिमीटरची भिंत १.२ दिसते. जी बाटली बाजूला काढण्यासाठीच सारा खटाटोप, नेमकी तीच अशा वेळी उत्तीर्ण होते. म्हणून काचेसाठी उच्च कंपनसंख्येचा, प्लास्टिक दंडगोल असलेला, छोट्या तोंडाचा प्रोबच वापरावा, आणि शक्य असेल तर पडद्यावर प्रतिध्वनींची आकृती दाखविणारे यंत्र घ्यावे. केवळ आकडा दाखविणाऱ्या यंत्रात ही चूक ओळखण्याचा मार्ग नसतो. बाटलीच्या गोलाईवर प्रोब काटकोनात धरण्यासाठी हाताला वळण लागते. तिरका धरला तर प्रतिध्वनी क्षीण होतो आणि आकडा नाचू लागतो. अशा वेळी नाचणाऱ्या आकड्यांतील सोयीस्कर आकडा लिहून मोकळे होण्याचा मोह टाळणे, हे या कामातील खरे कौशल्य.

नोंदवहीतील आकडे

मोजलेले आकडे कसे लिहायचे यावरही बरेच अवलंबून असते. उदाहरणादाखल, एका बाटलीच्या खांद्याभोवती सहा ठिकाणी २.४, २.६, २.३, २.५, १.१ आणि २.६ मिलिमीटर अशी वाचने मिळाली असे समजू. त्यांची सरासरी २.२५ येते. नोंदवहीत सरासरीच लिहिण्याची पद्धत असेल तर बाटली निर्दोष ठरेल. बाटली मात्र सरासरी जागी फुटत नाही, १.१च्या जागी फुटते. वर घेतलेल्या दाबाच्या उदाहरणात तेथील ताण सोळा मेगापास्कलच्या वर जातो, तर सरासरीप्रमाणे तो आठच वाटतो. तेव्हा प्रत्येक पातळीवरील किमान वाचन, त्याची जागा आणि साच्याचा क्रमांक या तीन गोष्टी लिहिल्या तरच नोंदीला अर्थ आहे. साच्याचा क्रमांक बाटलीच्या तळाशी किंवा तळाजवळ अंकाने अथवा ठिपक्यांनी उमटवलेला असतो.

अशी नोंद ठेवली की दोषाचे मूळही सापडू लागते. पातळपणा एकाच साच्याच्या बाटल्यांत येत असेल तर बिघाड बहुधा त्या साच्यात किंवा त्या विभागात असतो. सर्वच साच्यांत येत असेल तर गॉबचे तापमान किंवा वजन तपासावे लागते. बाटली एका बाजूला पातळ व बरोबर समोरच्या बाजूला जाड असेल तर पॅरिसन कललेला असावा किंवा आतील दट्ट्या मध्यावर नसावा. खांदा सर्व बाजूंनी पातळ आणि तळ मात्र जड असेल तर पॅरिसन अधिक गरम राहून आपल्याच वजनाने खाली ओघळला, असे अनुमान करता येते.

वेळेचे गणित मात्र या पद्धतीच्या विरुद्ध जाते. साच्यातून निघालेली बाटली लालभडक असते. तिला प्रोब टेकविणे शक्य नाही. नेहमीच्या दाबविद्युत पदार्थाचा गुणधर्म सुमारे साडेतीनशे अंशांच्या आसपास नष्ट होतो, आणि प्लास्टिकचे टोक व ग्लिसरीन तर त्याच्या फार आधी निकामी होतात. बाटली प्रथम अनुशीतन भट्टीतून हळूहळू थंड होत यावी लागते. या प्रवासाला एक तास लागतो व यंत्र मिनिटाला २०० बाटल्या काढते असे धरले, तर दोष हाती येईपर्यंत १२,००० बाटल्या वाटेत असतात. वीसपैकी एका साच्यातच दोष असेल तर त्यांतील ६०० सदोष असतील. कोणत्या साच्याच्या, हे माहीत असेल तर तेवढ्याच बाजूला काढता येतात. माहीत नसेल तर सगळ्याच फोडून पुन्हा भट्टीत टाकण्याची पाळी येते. फुटकी काच वितळवून पुन्हा वापरता येते हे खरे, पण तिच्यावर एकदा खर्च झालेले इंधन परत मिळत नाही.

जेथे ही पद्धत पुरी पडत नाही

म्हणून मोठ्या कारखान्यांत चालत्या पट्ट्यावरील प्रत्येक बाटलीची जाडी तपासण्याचे काम श्राव्यातीत यंत्राकडे सहसा दिलेले नसते. तेथे बाटली फिरवत तिच्या अंगाला विद्युतधारितेवर चालणारे संवेदक लावतात, किंवा प्रकाशकिरणाचे बाहेरच्या व आतल्या पृष्ठभागांवरून होणारे परावर्तन मोजतात. त्यांना ग्लिसरीन लागत नाही व वेग मोठा असतो. परंतु अवघड वळणाच्या कोपऱ्यात ही साधने कमी पडतात. अशा जागांसाठी आणखी एक गमतीदार युक्ती आहे. बाटलीत पोलादाची छोटी गोळी टाकायची आणि बाहेरून चुंबकीय प्रोब लावायचा. गोळी आतून प्रोबपाठोपाठ सरकत जाते व दोघांतील अंतर म्हणजे काचेची जाडी. या पद्धतीत ध्वनीच्या वेगाचा संबंधच येत नाही, त्यामुळे श्राव्यातीत वाचनाची उलटतपासणी करायला ती उत्तम. मात्र सीलबंद बाटलीत गोळी टाकता येत नाही.

सपाट काचेच्या कारखान्यात, जेथे वितळलेल्या कथिलावर काच तरंगवत तिचा अखंड पट्टा तयार होतो, तेथे जाडी बहुतांशी प्रकाशानेच मोजतात. फिरोजाबादच्या बांगडीला यातले काहीच लागत नाही. तेथे कारागिराची नजर पुरते. कच्च्या मालाच्या उंच कोठारात वाळूची पातळी पाहण्यासाठी हवेतून जाणारा श्राव्यातीत ध्वनी वापरतात. तेथेही वेगाची तीच अडचण पुन्हा भेटते. हवेतील ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. यंत्राने तापमानाची दुरुस्ती केली नाही तर पातळीत चार टक्क्यांची चूक येते, शिवाय धुळीने ध्वनी शोषला जातो तो वेगळाच. भट्टीच्या तापलेल्या, झिजत जाणाऱ्या विटांची उरलेली जाडी कळावी ही तर प्रत्येक भट्टीवाल्याची इच्छा, कारण तेथे भिंत फुटली तर वितळलेली काच बाहेर येते. परंतु त्या विटा जाड, भरड आणि अतितप्त असल्याने उच्च कंपनसंख्येचा ध्वनी त्यांत टिकत नाही.

औषधी कुप्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. २०२० व २०२१ मध्ये कोविड लसींमुळे या कुप्यांचे महत्त्व सर्वांना कळले. बहुतेक कुप्या बोरोसिलिकेट काचेच्या तयार नळीपासून, तिला ज्योतीवर मऊ करून घडवल्या जातात. भिंत सुमारे एक मिलिमीटरची आणि व्यास लहान. येथे श्राव्यातीत मापन होते, परंतु प्रोबचे तोंड अगदी बारीक हवे, आणि सोडा-चुना काचेसाठी लावलेले यंत्र बोरोसिलिकेटसाठी नव्याने लावल्याशिवाय वापरू नये.

प्रयोगशाळेतील एक प्रयोग

ध्वनीचा वेग ही केवळ यंत्राला पुरवायची संख्या नाही. ती काचेच्या स्वभावाची खूण आहे. पदवी किंवा पदविका महाविद्यालयात श्राव्यातीत यंत्र उपलब्ध असेल तर जाडी आधी मायक्रोमीटरने मोजून, उलट दिशेने वेग काढण्याचा प्रयोग सहज करता येतो. खिडकीच्या काचेच्या तुकड्यात सरळ जाणाऱ्या तरंगांचा वेग ५,७५० मीटर व आडव्या कंपनांच्या तरंगांचा ३,४३० मीटर मिळाला आणि घनता २.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर पॉयसाँ गुणोत्तर सुमारे ०.२२ व यंगचा गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल येतो. वाकवून किंवा ताणून काढलेल्या मूल्याशी तो जुळतो, आणि तुकडा शाबूत राहतो.

आडव्या कंपनांसाठी वेगळा प्रोब लागतो व पाण्याचा थेंब चालत नाही, कारण पातळ द्रवातून अशी कंपने पुढे जात नाहीत. मधासारखा घट्ट पदार्थ लावावा लागतो, आणि मधच लावला तरी चालते. त्याच यंत्राखाली नंतर तपकिरी औषधी बाटलीचा तुकडा, प्रयोगशाळेतील फुटलेल्या चंचुपात्राचा तुकडा आणि जुन्या बाजारात मिळणाऱ्या शिशाच्या पेल्याचा तुकडा ठेवावा. चारही काचा डोळ्याला एकाच जातीच्या भासतात. त्यांतून निघणारे वेग विद्यार्थ्यांनी आपापल्या वहीत लिहावेत आणि मग पहिल्या तुकड्यावर लावलेल्या यंत्राने चौथ्याची जाडी किती दाखवली, ते शेजारी लिहावे.